मार पाठीमागं, जखम पुढं

अपघात कसा झाला हे सगळे विचारतात आणि मी सांगतेही, पण ते सगळं ऐकीव आहे. संध्याकाळी कराडहून घरी येत होतो, हे गाडी चालवत होते, मी मागं बसले होते. सर्व्हिस रोडला मागून आलेल्या एका पिकअपनं हँडलला घासलं आणि ती तशीच पुढं निघून गेली. मी उताणी पडले, डोक्याचा मागचा भाग रस्त्याच्या कडेच्या सिमेंटवर आपटला. यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. कायदा मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला सांगतो, पण आमच्याकडं मागं बसलेल्या बाईच्या डोक्यावर पदर असतो.

माझी स्वतःची आठवण त्या सकाळी मिरच्यांची देठं खुडत बसले होते तिथं संपते. त्यानंतरची पहिली धड आठवण म्हणजे शेजारच्या खाटेवरची म्हातारी बशीतल्या चहात बटर बुडवून खात होती. मधले दिवस माझ्याकडं नाहीत. पण त्या दिवसांत मी गप्प नव्हते. लेकीला नावानं हाक मारत होते, नर्सला "धने कुणी उन्हातनं काढले?" म्हणून दरडावत होते, सलाइन उपटून टाकत होते म्हणून माझे हात मऊ पट्टीनं खाटेला बांधले होते. डॉक्टरांनी नंतर समजावलं की डोक्याला जबर मार लागल्यावर असा एक काळ येतो. माणूस जागा असतो, बोलतो, पण मेंदू नवीन काही धरून ठेवत नाही. नातेवाईक विचारतात "बेशुद्ध किती वेळ होती?" आणि डॉक्टर पाहत असतात की हा न धरणारा काळ किती लांबतोय. तो जितका लांबतो तितका पुढचा रस्ता लांबचा.

कॅज्युअल्टीत माझी शुद्ध मोजली तेव्हा मला पंधरापैकी अकरा गुण मिळाले होते. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी 1974 साली ही मोजणी काढली. डोळे उघडण्याचे चार, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. अगदी काहीच केलं नाही तरी तीन गुण मिळतातच. आठ किंवा त्याखाली आलं तर मार गंभीर, नऊ ते बारा मध्यम. लेक त्या वर्षी दहावीला होती, तिनं लगेच हिशेब केला, "आई, त्र्याहत्तर टक्के. फर्स्ट क्लास." त्या मध्यम शब्दानं आमच्या घरात सगळ्यांना फार धीर आला. तेवढा यायला नको होता.

सीटी स्कॅनमध्ये मागच्या हाडाला बारीक चीर दिसली आणि रक्त साकळलं होतं ते मात्र कपाळाच्या मागं, दोन्ही बाजूंना. यांना वाटलं रिपोर्ट दुसऱ्याच कुणाचा आला. डॉक्टरांनी मूठ आपटून दाखवलं म्हणे : डोकं थांबतं, मेंदू थांबत नाही, तो आत पुढं जाऊन आदळतो. आणि कपाळामागं, डोळ्यांच्या वर कवटीचं जे तळाचं हाड असतं ते आतून खडबडीत असतं, मेंदूचा खालचा भाग त्याच्यावर खरवडला जातो. ऑपरेशन लागलं नाही. असा मुका मार पहिल्या एक-दोन दिवसांत वाढू शकतो म्हणून पुन्हा स्कॅन केला, सूज उतरवायला मॅनिटॉल चाललं, फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम सुरू झालं, मध्येच सोडियम उतरलं ते चढवलं. तेवढ्यावर निभावलं. घरी सोडताना कार्डावर लिहून दिलं की रुग्ण शुद्धीवर आहे, भान आहे, चालतो आहे. पुढं गोळ्यांची नावं आणि "विश्रांती".

विश्रांती घेऊन काय काय परत यायचं होतं, हे कार्डावर नव्हतं.

मी घरी कांदा-लसूण मसाला करून विकते. आमच्याकडं त्याला चटणीच म्हणतात. होळी झाली की मिरच्या घ्यायच्या, रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, चवीला संकेश्वरी. चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्या कडकडीत वाळवायच्या, धने, तीळ, खसखस, खोबरं, दगडफूल, नागकेशर, मसाला वेलची, हळकुंड सगळं वेगवेगळं भाजायचं, कांदा तेलात तांबूस करायचा आणि कांडपावर नेऊन समोर उभं राहून कुटून आणायचं. पुण्या-मुंबईला गेलेली आमच्या भागातली माणसं वर्षाचा डबा भरून नेतात. मेंदूला काय झालंय ते स्कॅननं जेवढं सांगितलं त्याच्या दसपट मला या कामानं सांगितलं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते दुधावरून. ओट्याशी उभी होते, समोर दूध उतू जाऊन बर्नरवर जळत होतं, आणि लेक बाहेरच्या खोलीतून पळत आली, "आई, वास येत नाही का?" नव्हता येत. आम्ही लवंग फोडून नाकाशी धरली, कापूर धरला, हिंगाचा डबा उघडला. काही नाही. हॉस्पिटलात कुणी विचारलं नव्हतं आणि तिथं मला स्वतःलाही कळलं नव्हतं, कारण सगळ्या जेवणाला एकच चव होती आणि हॉस्पिटलातलं जेवण असंच असतं अशी माझी समजूत होती.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून मी गप्पच झाले. वासाच्या नसा म्हणजे केसाहून बारीक धागे. नाकाच्या छताला चाळणीसारखं भोकं असलेलं एक हाड आहे, त्यातून ते वर मेंदूत जातात. डोकं मागं आपटून मेंदू पुढं सरकला की ते धागे तिथंच तुटतात. त्यामुळं मागं पडून लागलेल्यांत वास जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे मार लागला मागं आणि जखम झाली पुढं, बरोबर माझ्या पोटापाण्याच्या जागी.

तिखट मात्र कळत होतं, आणि हे मला कितीतरी दिवस उलगडत नव्हतं. मिरची भाजली की ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, शिंका यायच्या, आणि तरी वास शून्य. कारण झोंबणं ही वेगळ्याच नसेची वर्दी आहे, जी तोंडावरून चेहऱ्याभर पसरलेली असते, आणि ती शाबूत होती. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू कळतं. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ती बहुतेक नाकाची असते. मला आमटीत मीठ जास्त झालेलं कळायचं, पण आमटी कशाची आहे ते डोळ्यांनी बघावं लागायचं.

घरात गॅस लिक झाला तर? सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, आपल्याला कळावं म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. ती सगळी सोय माझ्यापुरती बाद झाली होती. यांनी गॅस गळतीचा अलार्म आणून ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवला, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तो खालीच साचतो. रात्री रेग्युलेटर बंद केला का हे झोपताना तीनदा विचारायची सवय घरातल्या प्रत्येकाला लागली. मला त्याचा राग यायचा.

रागाचं वेगळं सांगायला हवं. मी मऊ स्वभावाची नव्हतेच, पण पूर्वी माझा राग मला येताना दिसायचा. आता तो दिसायचाच नाही, एकदम हातात आलेला असायचा. लेकीनं मोबाईलवर गाणं लावलं आणि त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली, एवढ्यावर मी हातातलं पातेलं भिंतीवर मारलं. पोरगी काही बोलली नाही. पण त्यानंतर ती घरात शिरताना आधी उंबऱ्यातून माझा चेहरा बघायची, मग चप्पल काढायची. ते मला कळायचं आणि सुधारायचं कसं ते कळायचं नाही. दोन आवाज एकत्र आले की माझ्या डोक्यात दोन्ही सारख्याच जोरानं शिरायचे. समोरचं माणूस बोलतंय आणि पंखा फिरतोय, यात ऐकायचं कुठलं आणि सोडायचं कुठलं हे पूर्वी मेंदू परस्पर ठरवत असणार. आता तो काही ठरवत नव्हता. त्या गणपतीत डॉल्बी गल्लीत आला तेव्हा मला माहेरी नेऊन ठेवलं.

आणि थकवा. कष्टाचा थकवा मला माहीत आहे, दिवसभर कांडपावर उभं राहिल्यावर येतो तो. त्यात अंग दुखतं पण झोप छान लागते. हा वेगळा. सकाळी उठून तोंड धुऊन, चहा करून, दोन फोन घेतले की डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि शब्द सापडेनासे व्हायचे. उलथन्याला मी "ते परतायचं" म्हणायचे. लोक म्हणायचे, "काय छान दिसतेस आता." जाऊबाई एकदा स्वयंपाकघरात कुणाला तरी म्हणाल्या, "खाती-पिती, चालती-बोलती, काम म्हणलं की तेवढं डोकं दुखतं." आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथंच लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डोस्क्याला लागलंय तिच्या. हातापायाला लागलं असतं तर तुला दिसलं असतं." एवढं एक वाक्य. सगळ्या आजारपणात मला त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा गावभरातून आलेल्या बदामांचा, ब्राह्मीच्या तेलाचा आणि तीन वेगवेगळ्या माणसांनी काढलेल्या उताऱ्यांचा झाला नाही.

कोल्हापूरला एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमकडं पाठवलं ते तपासणीच्या डॉक्टरांनी, मी रडून विचारलं म्हणून. हे काय असतं तेच आम्हाला माहीत नव्हतं, यांना वाटलं व्यायाम घेतील. रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवतात, हे नंतर कळलं. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, आणि मग काय वजा करत होते तेच सुटलं. आकडे येत होते, पण एक हातात धरून दुसरा उचलायला गेलं की पहिला निसटायचा. मग त्यांनी विचारलं, तुम्ही करता काय? मसाला म्हटल्यावर कोऱ्या चिठ्ठ्या पुढं ठेवल्या. "मसाल्याची एकेक पायरी एकेका चिठ्ठीवर लिहा आणि ओळीनं लावा." लिहिल्या सगळ्या, एकही विसरले नाही. लावताना मात्र मिरची वाळवायच्या आधी कुटायला ठेवली, आणि कांदा तळायची चिठ्ठी सगळ्यात शेवटी, बरणी भरून झाल्यावर. मला काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं. काय ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून जे काम झोपेतही केलं असतं, त्याचे तुकडे समोर पडले होते आणि ओवायचा दोरा नव्हता.

मॅडमनी मग ज्याला त्या व्यायाम म्हणायच्या तो आमच्या स्वयंपाकघरातच आखला. एका वेळी एकच काम. ते काम चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत, पंखा बंद. भिंतीवर पायऱ्यांचा तक्ता, झालेल्या पायरीपुढं खडूनं रेघ. धने टाकले की मोबाईलवर गजर लावायचा, आणि तो वाजेपर्यंत ओटा सोडायचा नाही. दुपारी जेवणानंतर खिडकी लावून अंधारात पडायचं, झोप येवो न येवो, आणि हे थकल्यावर नाही, थकायच्या आधी. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड. बरं वाटत असताना थांबायचं हे आमच्या घरात कुणाला पटायचं नाही, मला तर नाहीच. बरं वाटलं त्या दिवशी मी चार दिवसांचं काम एकदम करायचे आणि पुढचे दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडायचे. हे चक्र मोडायला बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त वेळ लागला.

वासासाठीही एक सराव आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी 2009 साली मांडलेला : गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, एकेक थोडा वेळ हुंगायचा आणि तो वास कसा होता ते मनात आणायचं. निदान बारा आठवडे, खरं तर त्याहून जास्त. सर्दी-तापानं वास गेलेल्यांना याचा फायदा बऱ्यापैकी होतो, मार लागून गेलेल्यांना कमी, हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं, ते बरं केलं. निलगिरी पहिल्या दिवसापासून कळायची, पण ती झोंबते म्हणून. लिंबू हुंगताना मी डोळे मिटून लोणचं आठवायचे, आणि आठवण इतकी ठळक यायची की वासच आला असं वाटायचं. मग लेक मुद्दाम रिकामी बाटली नाकाशी धरायची आणि मी म्हणायचे, "लिंबू." दोघी हसायचो. त्या घरात त्या काळात हसण्याच्या जागा थोड्याच होत्या.

पुढं कितीतरी महिन्यांनी पहिला जो वास आला तो चुकीचा आला. कांदा तेलात टाकला आणि रबर जळाल्यासारखं काहीतरी नाकात शिरलं. मी टायर कुठं पेटलाय बघायला अंगणात गेले. धागे पुन्हा वाढताना जोडणी उलटसुलट होते, वाईट वास येणं हे काहीच न येण्यापेक्षा चांगलं लक्षण समजतात, असं डॉक्टर म्हणाले. खरं असेल. पण कांदा-लसूण मसाला करणाऱ्या बाईला कांद्याचाच वास टायरसारखा यावा, हे देवानं जरा जास्तच केलं.

दरम्यान कागदांची एक वेगळी फेरी सुरू होती. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही तर सरकारी भरपाई असते : 1 एप्रिल 2022 पासून मृत्यू झाल्यास दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. पूर्वी पंचवीस आणि साडेबारा हजार होते. हे आम्हाला पोलीस ठाण्यात भेटलेल्या एका वकिलानं सांगितलं, नाहीतर कळलंच नसतं. पोलिसांचा अहवाल, हॉस्पिटलचे कागद जोडून तहसीलमधून अर्ज गेला. अपंगत्वाचा दाखला मिळेल का म्हणूनही विचारून पाहिलं. 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. डोक्याला मार असा वेगळा रकाना त्यात नाही, त्यातून जे उरलं असेल ते एखाद्या रकान्यात बसवावं लागतं. हात चालतात, पाय चालतात, बोलते, दिसतं, ऐकू येतं. वास जाणं तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. खिडकीपलीकडच्या बाबूनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मग नेमकं होतंय काय तुम्हाला?" मला त्याचा राग आला नाही. त्या दिवशी प्रवासानं मी इतकी दमले होते की उत्तराचा पहिला शब्दच सापडत नव्हता, आणि तेच खरं उत्तर होतं.

पुढच्या हंगामात मसाला करायचा की नाही यावर घरात वाद झाला. हे म्हणाले, राहू दे. गाडी आपल्या हातात होती हे त्यांच्या मनातून जात नाही, त्यामुळं मी काही उचलायला गेले की ते आधीच उचललेलं असतं. मी म्हटलं, करायचा, पण थोडा. आत्यांना विचारलं, तुमचं नाक मला द्याल का? त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, माझ्या नाकात काही नाही. त्या चुलीजवळ स्टूल टाकून बसल्या. मी धन्याचा रंग बघायची, ते हाताखाली कसे फिरतात ते बघायची, तीळ उडायला लागले की आच कमी करायची. आणि त्या डोळे मिटून बसलेल्या, मध्येच म्हणायच्या, "आता. उतर." कधी रंगावरून मला अजून अवकाश वाटायचा आणि त्यांना नाकावरून झालं वाटायचं. मग भांडण. पूर्वी या स्वयंपाकघरात मसाल्याच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा होता, आत्यांनी तो कधीच माझ्यावर सोपवला होता. तो पुन्हा त्यांच्याकडं गेलेला मला सुरुवातीला जड गेलं. त्यांना नाही गेलं. त्या चांगल्याच खुशीत होत्या, दगडफूल मी आजवर कमी भाजत आलेय हे त्यांनी मला त्या वर्षी पहिल्यांदा सांगितलं.

आता अपघाताला काही वर्षं झाली. फिटच्या गोळ्या डॉक्टरांनी सावकाश कमी करत बंद केल्या. राग आता येण्याआधी थोडासा दिसतो, तेवढ्यात मी परसात निघून जाते आणि घरातलं कुणी मागं येत नाही, असं ठरलंय. शब्द अडतात ते संध्याकाळीच, म्हणून ऑर्डरचे फोन सकाळी घेते आणि घेतानाच वहीत लिहिते. अंधारात पडणं रोजचं आहे, पाहुणे असले तरी. लवंग कळते, झोंबणं वेगळं काढून सुद्धा कळते, अशी माझी खात्री आहे, आणि लेकीनं रिकामी बाटली धरून ती तपासलीही आहे. कांद्याचा टायर गेला, त्या जागी काहीतरी फिकं, गोडसर येतं, पूर्वीच्या कांद्याशी त्याचं नातं नाही, पण आता त्यालाच कांदा म्हणायची सवय होतेय. पावसाचा मातीचा वास नाही, लेकीच्या केसांचा नाही.

यंदा ठाण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, म्हणे, वहिनी, मसाला चांगला आहे पण पूर्वीपेक्षा जरा वेगळा लागतो. मी म्हटलं, आत्यांच्या हातचा आहे, आमच्याकडं त्यांच्या काळी असाच व्हायचा. ते म्हणाले, मग पुढच्या वर्षी दोन किलो जास्त टाका. ब्याडगीचा भाव वाढलाय, दर वाढवावा लागेल, तेवढं मी त्यांना तेव्हाच सांगून ठेवलं आणि वहीत लिहिलं.